गडचिरोलीची पोस्टिंग लागली आहे? रेडिओलॉजीच्या निवासी डॉक्टरांसाठी

एमडी रेडिओडायग्नोसिसच्या दुसऱ्या वर्षात जिल्हा निवासी कार्यक्रमाची यादी लागते. चंद्रपूर किंवा गडचिरोलीपुढे आपलं नाव दिसलं की नागपूर-वर्ध्याच्या विभागांमध्ये बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येतं: तीन महिने वाया गेले. एमआरआयची पोस्टिंग बुडणार, थिसिस रखडणार, परीक्षा जवळ येणार. ही काळजी खोटी नाही. तरीही माझं मत ठाम आहे. रेडिओलॉजीचं शिक्षण आज ज्या दिशेने चाललं आहे, त्यात विद्यार्थ्यांच्या हातून जे निसटतं, नेमकं तेच या दोन जंगल-जिल्ह्यांत शिकायला मिळतं. मात्र ते आपोआप पदरात पडत नाही. आधी तयारी करावी लागते आणि तिथे गेल्यावर काही गोष्टी मागून घ्याव्या लागतात.

नियम आधी पाहू. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2021 च्या प्रवेशापासून सगळ्या एमडी-एमएस विद्यार्थ्यांना तीन महिन्यांची जिल्हा पोस्टिंग बंधनकारक केली. ती तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात होते. पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. विद्यावेतन तुमचं मूळ कॉलेजच देतं. तिथे तुम्ही जिल्हा कार्यक्रमाच्या समन्वयकाच्या देखरेखीखाली असता आणि शिक्षण चालूच राहील असं नियमांत अपेक्षित आहे. म्हणजे तुम्ही तिथे रिकामी जागा भरायला आलेले मनुष्यबळ नसून शिकायला आलेले निवासी डॉक्टर आहात. हा फरक पहिल्याच दिवशी, नम्रपणे पण स्पष्ट बोलून घ्या.

कॉलेजात काय निसटतं

मोठ्या विभागात निवासी डॉक्टरचा दिवस सीटी आणि एमआरआयच्या रिपोर्टांत जातो. साधा एक्स-रे बहुतेक वेळा रेडिओलॉजिस्टने न पाहताच वॉर्डात पोहोचतो. शंका आली तर सीटी शेजारच्याच खोलीत असतो, त्यामुळे एक्स-रेवर डोकं शिणवायची गरज कुणाला वाटत नाही. सोनोग्राफीला मागे सिनिअर उभा असतो. पेशंटशी बोलणं दोन वाक्यांत आटोपतं. परीक्षेत मात्र स्पॉटला एक्स-रे येतात आणि व्हायव्हात परीक्षक विचारतो की या एका फिल्मवर तू काय म्हणशील.

दुसरा बदल संगणकाचा. 2016 मध्ये जेफ्री हिंटन यांनी रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं असं विधान केलं होतं. त्याच हिंटन यांना 2024 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि तोपर्यंत रेडिओलॉजी नीट-पीजीत सर्वांत आधी भरणाऱ्या शाखांमध्येच राहिली. म्हणून सॉफ्टवेअरकडे दुर्लक्ष करावं असं नाही. 15 वर्षं आणि त्यावरच्या व्यक्तींच्या छातीच्या एक्स-रेत क्षयरोग शोधण्यासाठी अशा प्रणाली वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. क्षयरोगाच्या मोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रं आणि त्यांना जोडलेलं सॉफ्टवेअर गावापर्यंत पोहोचत आहे. प्रश्न असा की सॉफ्टवेअरने गुण दिले, आता त्यावर सही कोण करणार, आणि चुकलं तर ते ओळखणार कोण? ती नजर ज्याने हजारो साधे एक्स-रे स्वतः वाचले त्याचीच तयार होते.

चंद्रपुरात याचं चांगलं उदाहरण समोर येतं. कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि औष्णिक वीज केंद्राच्या या पट्ट्यात वर्षानुवर्षं धुळीत काम केलेल्या माणसाचा एक्स-रे येतो. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक ठिपके दिसतात. सॉफ्टवेअर म्हणेल, टीबीची शक्यता जास्त. तो टीबी असेल, सिलिकोसिस असेल, किंवा सिलिकोसिसवर चढलेला टीबी असेल. तिन्हींचे रस्ते वेगळे. त्या माणसाला 'काम काय करता, किती वर्षं, खाणीच्या आत की बाहेर' हे विचारल्याशिवाय कुठलीही प्रणाली हा गुंता सोडवू शकत नाही. म्हणून सवय अशी लावा: आधी फिल्म स्वतः पाहायची, दोन ओळी लिहायच्या, मग सॉफ्टवेअरचा निकाल उघडायचा. जिथे तुमचं आणि त्याचं जमलं नाही त्या फिल्म वेगळ्या ठेवा, थुंकीच्या तपासणीचा निकाल आला की जुळवून पाहा. जाण्याआधी धुळीच्या आजारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं एक्स-रे वर्गीकरण एकदा नीट वाचून जा. ठिपक्यांचा आकार आणि दाटी कशी नोंदवायची हे त्यात प्रमाण फिल्मांशी ताडून शिकवलं आहे.

निघण्याआधी, किमान महिनाभर

सर्वांत मोठी अडचण कायद्याची असते आणि ती बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर कळते. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखाली, म्हणजे पीसीपीएनडीटीखाली, सोनोग्राफी केंद्राच्या नोंदणीत तुमचं नाव असल्याशिवाय तुम्ही गर्भवतीच्या पोटावर प्रोब ठेवू शकत नाही. तुमच्या कॉलेजची नोंदणी वरोऱ्यात किंवा अहेरीत चालत नाही. केंद्रातल्या कर्मचाऱ्यांमधला बदल समुचित प्राधिकाऱ्याला 30 दिवस आधी कळवायचा असतो, आणि जिल्ह्यात हे काम सिव्हिल सर्जनच्या कार्यालयातून चालतं. म्हणून पोस्टिंगचं पत्र हाती पडल्यावर लगेच एमबीबीएसची आणि वैद्यकीय परिषदेची नोंदणी, कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र पाठवा, आणि नाव चढल्याची लेखी प्रत मागा. ती येईपर्यंत गर्भवतीची सोनोग्राफी करू नका. 'सर, आज एकच करून टाका' असा आग्रह होईल. तरीही नाही म्हणा.

गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी भरायच्या एफ फॉर्मबद्दलही तेवढंच काटेकोर राहा. अर्धवट भरलेला फॉर्म ही निव्वळ कारकुनी चूक मानली जात नाही. उलट सिद्ध होईपर्यंत तो कायद्याचा भंगच समजला जातो, आणि 2019 मध्ये फॉगसी या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. गर्दीच्या दिवशी सिस्टरने भरलेल्या फॉर्मांवर संध्याकाळी एकगठ्ठा सह्या करायची पद्धत दिसली तर तिच्यात सामील होऊ नका. प्रत्येक पेशंट उठण्याआधी फॉर्म वाचा आणि सही करा. 2011 च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 894 मुली होत्या, गडचिरोलीत 961. जंगलातल्या या जिल्ह्याने जे राखलं आहे ते आपल्या यंत्रामुळे बिघडू नये, एवढी जबाबदारी प्रोब धरणाऱ्यावर आहेच.

किरणोत्सर्गाच्या बॅजचंही आधीच विचारा. तुमचा टीएलडी बॅज कॉलेजच्या नावावर असतो. तिथे तुमच्यासाठी बॅज कोण देणार, लेड अॅप्रन आहेत का, ते तडकलेले नाहीत ना, हे पत्राने विचारून घ्या. बॅज अॅप्रनच्या आत, छातीवर लावायचा. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30 ची आहे. गर्भवती निवासी डॉक्टरने ही गोष्ट लवकर आणि लेखी कळवावी, संकोच करू नये.

थिसिसचं राहिलं. विषय पहिल्या काही महिन्यांतच ठरतो, त्यामुळे जिल्ह्याचा विचार तेव्हाच व्हायला हवा. या भागासाठी विषय शोधावे लागत नाहीत. सिकलसेलच्या मुलांमधला मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, तरुणांमधली खुब्याची झीज, फायलेरियाच्या रुग्णांमधली अंडकोषाची सोनोग्राफी, धुळीच्या कामगारांच्या छातीचे एक्स-रे. कॉलेजच्या नैतिक समितीची मंजुरी आणि जिल्ह्याची परवानगी, दोन्ही हातात घेऊनच माहिती गोळा करा.

तिथे समोर येणारे आजार

पाठ्यपुस्तक सांगतं की सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच आकसून नाहीशी होते. तुम्ही गडचिरोलीत प्रोब ठेवाल तेव्हा मोठ्या मुलांमध्ये, अगदी प्रौढांमध्येही वाढलेली प्लीहा दिसेल. भारतीय-अरब प्रकारच्या जनुकीय पार्श्वभूमीत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त राहतं आणि प्लीहा बराच काळ टिकते. त्यात मलेरियाचा भाग, म्हणजे प्लीहा वाढण्याचं दुसरं कारणही हजर. अशा वेळी 'स्प्लेनोमेगाली' एवढा शब्द लिहून रिपोर्ट संपवू नका. लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा, जुने मृत भाग दिसतात का पाहा, पित्ताशयात खडे आहेत का पाहा, आणि सिकलसेलची तपासणी झाली आहे का हे वरच्या कागदावर नसेल तर विचारा.

सिकलसेलच्या लहान मुलांचा डॉपलर ही मला सर्वांत मोलाची संधी वाटते. मेंदूच्या मधल्या धमनीतला सरासरी वेग सेकंदाला 200 सेंटिमीटर किंवा अधिक असेल तर पक्षाघाताचा धोका इतका वाढतो की नियमित रक्त चढवण्याचा विचार करतात. 1998 च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने हे दाखवून दिलं. ती चाचणी चित्र न दाखवणाऱ्या डॉपलरवर झाली होती. आपल्या नेहमीच्या यंत्रावर आकडा थोडा कमी येतो, म्हणून 200 च्या जरा खाली दिसलं तर निर्धास्त होऊ नका, पुन्हा मोजा. कानाच्या वर, कानशिलाच्या हाडातून ती खिडकी शोधायला सराव लागतो, तो कॉलेजात आपल्या सोबत्यांवरच करून जा. आणि खुबा दुखतो म्हणून आलेल्या सिकलसेलच्या तरुणाचा एक्स-रे स्वच्छ असला तरी रिपोर्टमध्ये एक ओळ जरूर घाला: सुरुवातीची झीज एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयचा विचार करावा. ही ओळ नसेल तर तो मुलगा 'काही नाही' म्हणून घरी जातो आणि हाड बसल्यावरच परत येतो.

फायलेरिया दोन्ही जिल्ह्यांत जुना आहे. हायड्रोसीलच्या पेशंटवर उच्च वारंवारतेचा प्रोब घाई न करता ठेवला तर रुंदावलेल्या लसवाहिनीत जिवंत कृमी वळवळताना दिसतात. पुस्तकात त्याला फायलेरियाचा नाच म्हणतात. दिसला तर व्हिडिओ साठवा आणि हिवताप-हत्तीरोग विभागाला कळवा. चंद्रपूरच्या काही भागात विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. कंबरदुखीच्या एक्स-रेत मणके खडूसारखे पांढरे दिसले तर कॅन्सर लिहिण्याआधी हाताच्या पुढच्या भागाचा एक एक्स-रे मागा. दोन हाडांमधल्या पडद्यात चुना साठलेला दिसला की निदान बदलतं, आणि एका घराचं पाणी तपासायला जातं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला लोक पहाटे जंगलात जातात. वाघ-अस्वलाच्या हल्ल्यातले जखमी या दिवसांत समोर येतात. वाघाची पकड बहुधा मानेच्या मागे असते, म्हणून वरची जखम छोटी दिसली तरी मानेचे मणके आणि मणक्यातली धमनी पाहिल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. अस्वल चेहऱ्यावर येतं. तिथे डोळ्याची खोबणी, नाकाची मुळं, मेंदूच्या तळाचं हाड आणि जखमेत अडकलेला दाताचा तुकडा शोधावा लागतो. पावसाळ्यात घोणस चावलेल्या माणसाला अचानक डोकेदुखी किंवा गुंगी आली तर सीटीत रक्तस्राव शोधा, त्याचं रक्त गोठत नसतं.

सीटी मुख्यत्वे जिल्ह्याच्या ठिकाणी. कुरखेडा किंवा अहेरीसारख्या ठिकाणी तुमच्याजवळ एक्स-रे, सोनोग्राफी आणि तुमची बोटं. पोटाला मार लागलेल्याची दोन मिनिटांची सोनोग्राफी, छातीत हवा शिरली आहे का हे प्रोबने पाहणं, गर्भाशयाबाहेरची गर्भधारणा ओळखणं, या तीन गोष्टींत कुणाला न विचारता निर्णय घेता येईल इतका हात तयार करून जा.

रिपोर्टमध्ये नदी

भामरागड गडचिरोलीपासून सुमारे 180 किलोमीटर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, असं वर्षानुवर्षं घडत आलं आहे. सिरोंच्याचे लोक उपचारासाठी तेलंगणाकडे जातात, कोरचीचे छत्तीसगडकडे. या भूगोलाचा तुमच्या रिपोर्टशी थेट संबंध आहे.

कॉलेजात आपण लिहितो, 'प्लॅसेंटा खाली आहे, 32 आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.' भामरागडकडच्या बाईसाठी ते 32 आठवडे ऑगस्टमध्ये येत असतील तर हे वाक्य तिला काहीच सांगत नाही. तिथल्या डॉक्टरला हे कळायला हवं की रक्तस्रावाचा धोका आहे आणि पावसाच्या आधी तिला गर्भवतींना प्रसूतीआधी राहण्यासाठी असलेल्या माहेरघरात किंवा शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयाजवळ आणायला हवं. म्हणून निष्कर्षाच्या खाली एक ओळ साध्या मराठीत लिहा: काय धोका, कधीपर्यंत, कुठे न्यायचं. माझ्या मते या तीन महिन्यांत तुम्ही शिकाल त्यात हीच सवय सर्वांत जास्त काळ कामी येईल, मुंबईतल्या सातव्या मजल्यावर बसलात तरीही.

तारखेबद्दलही प्रामाणिक राहा. बऱ्याच बायका पहिल्यांदा सातव्या-आठव्या महिन्यात येतात. पहिल्या तिमाहीत मोजलेली तारीख काही दिवसांच्या फरकाने बरोबर असते, शेवटच्या तिमाहीत तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. 'अंदाजे 34 आठवडे' लिहिताना हा पल्लाही लिहा, नाहीतर वाढ खुंटलेलं बाळ आणि नुसतं लहान वयाचं बाळ यांची गल्लत होते. व्यंग शोधायची सोनोग्राफी 18 ते 20 आठवड्यांत झाली तर गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर उपलब्ध असलेले पर्याय कुटुंबापुढे ठेवता येतात. 24 आठवड्यांनंतर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. म्हणून आशाताईंच्या बैठकीत जाऊन एवढं एकच सांगा की बाईला पाचव्या महिन्यात आणा. आणि जी दीडशे किलोमीटरवरून आली आहे तिला 'आज यंत्र बंद, उद्या या' म्हणून परत धाडू नका. रात्री थांबायची सोय करून दुसऱ्या दिवशी पहिला नंबर द्या. हे तुमच्या हातात नसेल, पण वैद्यकीय अधीक्षकांकडे बोलणं तुमच्या हातात आहे.

भाषेची तयारीही याच कामाचा भाग. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, आणखी बऱ्याच गावांत गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली. 'श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा' हे तीन शब्द पेशंटला कळले नाहीत तर छातीची फिल्म बिघडते आणि पुन्हा किरण द्यावे लागतात. पहिल्याच आठवड्यात सिस्टरकडून किंवा आशाताईंकडून हे शब्द त्या-त्या भाषेत देवनागरीत लिहून घ्या आणि एक्स-रेच्या खोलीत टेक्निशियनच्या डोळ्यांसमोर चिकटवा. पोटावर जेल लावण्याआधी बाईला तिच्या भाषेत कुणीतरी सांगावं, पडदा ओढलेला असावा, सोबत बाई कर्मचारी असावी. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या बायकांच्या न बोललेल्या आजारांवर केलेलं काम प्रसिद्ध आहे. त्यातलं काही वाचून गेलात तर टेबलावरची बाई गप्प का आहे हे लवकर उमजेल.

कॉलेजशी धागा

या कार्यक्रमाचं सर्वांत मोठं अपयश म्हणजे निवासी डॉक्टर तिथे एकटा पडतो. दिवसभर फक्त गर्भवतींच्या सोनोग्राफ्या, शिकवणारं कुणी नाही, आणि तीन महिन्यांनी सही झालेलं लॉगबुक. याला निव्वळ विद्यार्थी जबाबदार नाही. विभागप्रमुखांनी दर आठवड्याला एक ऑनलाइन केस चर्चा घ्यायलाच हवी, आणि त्यात जिल्ह्यातल्या फिल्म आल्या पाहिजेत. तुम्ही जाण्याआधी मार्गदर्शकांकडे ही वेळ ठरवून मागा. कठीण फिल्म पाठवताना पेशंटचं नाव आणि नोंदणी क्रमांक झाकायला विसरू नका. व्हॉट्सअॅपवर दाबलेल्या चित्रात बारीक ठिपके हरवतात, शक्य तिथे मूळ डायकॉम फाइल पाठवा.

टेक्निशियनशी जुळवून घ्या. त्या यंत्राचा स्वभाव त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतो. व्होल्टेज कधी पडतं, कुठली कॅसेट खराब आहे, कुठल्या वेळी यंत्र तापतं. तुम्ही त्यांना चांगली छातीची फिल्म कशी ओळखायची ते शिकवा, ते तुम्हाला अपुऱ्या साधनांत ती कशी काढायची ते शिकवतील.

लॉगबुकमध्ये नुसते आकडे भरू नका. ज्या केसचा शेवट कळला, म्हणजे शस्त्रक्रियेत काय निघालं, थुंकीत काय आलं, बाळ किती वजनाचं झालं, त्या वेगळ्या लिहा. गावातल्या रुग्णालयात पेशंटचा पाठपुरावा कॉलेजपेक्षा सोपा असतो, कारण सगळे एकमेकांना ओळखतात.

आणखी एक गोष्ट पुढची. एमडीनंतर शासकीय कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांना एका वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झालं. गडचिरोलीचं 9 ऑक्टोबर 2024 रोजी इतर नऊ महाविद्यालयांसोबत उद्घाटित झालं. नव्या कॉलेजांना रेडिओलॉजीचे सिनिअर रेसिडेंट आणि अध्यापक हवे आहेत. तिथे आधी तीन महिने राहिलेल्या माणसाला विभाग उभा करताना शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. म्हणून पोस्टिंग संपताना शेवटच्या आठवड्यात समन्वयकांना एका पानाचं पत्र द्या. कुठलं यंत्र किती दिवस बंद होतं, कुठल्या तपासणीसाठी पेशंट नागपूरला पाठवावे लागले, कुठलं प्रशिक्षण टेक्निशियनना हवं आहे. त्याची एक प्रत विभागप्रमुखांना आणि एक तुमच्यानंतर येणाऱ्या जेआरला द्या. पीसीपीएनडीटीच्या नोंदणीतून तुमचं नाव काढायचा अर्जही त्याच दिवशी करा, नाहीतर पुढच्या जागी नाव चढवताना ते आडवं येतं.